रंग काळा, कर्ब अर्धा टक्का

विदर्भ-मराठवाड्यात माती परीक्षणाचा कागद हातात आला की नजर आधी नत्र, स्फुरद, पालाश यांवर जाते. सेंद्रिय कर्बाच्या (सेंद्रिय पदार्थातल्या कार्बनच्या) रकान्यात ०.४ किंवा ०.५ टक्के असतं आणि पुढे शेरा : ‘कमी’. मग शंका येते. एवढी काळीभोर, भारी जमीन, आणि कर्ब कमी? प्रयोगशाळेनंच घोळ घातला असणार!

सहसा घोळ नसतो. काळ्या रंगावरून कर्बाचा अंदाज बांधणं हीच गफलत आहे. दख्खनचा बेसाल्ट झिजून झालेल्या मातीत स्मेक्टाइट नावाची चिकणमाती भरपूर असते. तिच्या कणांवर सेंद्रिय पदार्थ इतका पातळ आणि घट्ट बसतो की थोडक्या कर्बातही माती गडद दिसते. युक्रेनची चर्नोझेम मातीही काळीच, पण तिच्यात कर्ब आपल्यापेक्षा कितीतरी पट जास्त आहे.

शेतात कर्ब येतो तो घन रूपात : धसकटं, मुळं, पालापाचोळा, शेणखतातली काडी. मातीचा नमुना पाण्यात मोकळा करून ५३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीवर ओतला, तर जे सेंद्रिय तुकडे वर अडकतात तो कणरूप कर्ब. जिवाणू ही काडी थेट खाऊ शकत नाहीत, कारण त्यांना तोंडच नसतं. ते एन्झाइम, म्हणजे मोठे रेणू तोडणारी प्रथिनं, बाहेर सोडतात. सेल्युलोजची लांबच लांब साखळी तुटत जाते, आणि साखरेएवढे छोटे रेणू मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पापुद्र्यात विरघळले की मगच ते पेशीत शिरतात. काडीतल्या कर्बाला पुढे कुठंही जायचं असेल, तर बहुतेक वेळा आधी विरघळावं लागतं. एखाद्या क्षणी मोजला तर हा विरघळलेला कर्ब एकूण सेंद्रिय कर्बाच्या एक टक्क्याहूनही कमी भरतो. एसटी स्टँडवर कुठल्याही वेळी थोडेच लोक दिसतात, पण दिवसभरात सगळा तालुका तिथून जाऊन येतो, तसं हे आहे.

विरघळल्यावर काय होतं, तो या सगळ्यातला मला सर्वांत आवडणारा भाग. बराचसा कर्ब जिवाणू खातात आणि कार्बन डायऑक्साइड म्हणून सोडून देतात. काही त्यांच्या शरीरात जातो आणि ते मेल्यावर पुन्हा पाण्यात येतो. आणि काही चिकणमातीला चिकटतो. हे चिकटणं वरवर पाहता अशक्य वाटतं. चिकणमातीच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, आणि सेंद्रिय रेणूंवरचे कार्बोक्सिल गटही ऋणच. दोघांनी एकमेकांना दूर लोटायला हवं. पण आपल्या चुनखडीयुक्त काळ्या मातीच्या पाण्यात कॅल्शियमचे आयन, म्हणजे भारित कण, भरपूर असतात. प्रत्येकावर दोन धन भार. एका भारानं तो मातीचा कण धरतो, दुसऱ्यानं सेंद्रिय रेणू. कोकणातल्या जांभ्या मातीत कॅल्शियम धुऊन गेलेला असतो. तिथं हे काम लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं करतात.

असा बांधला गेलेला रेणू एन्झाइमच्या आवाक्यात सहजासहजी येत नाही. काडीतला कर्ब काही वर्षांत संपतो, हा अनेक दशकं, कधी शतकंही टिकतो. एक ग्रॅम स्मेक्टाइटचा पृष्ठभाग, आतले थर धरून, ७०० ते ८०० चौरस मीटर भरतो. आतल्या थरांत मोठे रेणू फारसे शिरत नाहीत हे खरं, तरी जागेची वाण नाही. वाण आहे ती मालाची : पऱ्हाटी चुलीत जाते, कडबा गुरांपुढे, आणि उरलंसुरलं एप्रिल-मेची उष्णता आणि नांगरट संपवते.

मग पहिला पाऊस येतो. उन्हाळ्यात माती तडकलेली असते, बरेच जिवाणू मेलेले असतात. तगलेल्यांनी पेशीत साखरी आणि अमिनो आम्लं साठवून पाणी धरून ठेवलेलं असतं. बाहेर अचानक पाणी आलं की ते आत घुसू लागतं, आणि फुटायचं नसेल तर हा साठा बाहेर टाकावा लागतो. ढेकळंही विरतात, आत अडकलेला कर्ब उघडा पडतो. विरघळलेल्या कर्बाची एकदम चंगळ होते आणि काही तासांत मातीतून कार्बन डायऑक्साइडचा लोट निघतो. नत्रही मोकळा होतो. एच. एफ. बर्च यांनी पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर काम करून १९५८ साली हे मांडलं, म्हणून याला बर्च परिणाम म्हणतात. पहिल्या पावसानं पीक तरारतं त्याचं श्रेय मृग नक्षत्राला देणाऱ्यांनी एवढं करावं : कुंडीतली माती महिनाभर वाळवून डिसेंबरात भिजवावी. लोट तेव्हाही निघतो.

जो कर्ब मातीत अडकत नाही तो ओढ्या-नद्यांत जातो. पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढतात. खाली उतरतो तो ‘विरघळलेला’, वर राहतो तो ‘कणरूप’. या हिशेबानं बहुतेक विषाणूही विरघळलेलेच ठरतात! जगातल्या नद्या वर्षाला सुमारे ४० कोटी टन सेंद्रिय कर्ब समुद्रात नेतात, साधारण निम्मा या रूपात, निम्मा त्या. उसाचं पाचट पेटवलं की काही कर्ब काजळी आणि सेंद्रिय कण होऊन हवेत जातो, त्यातला काही ढगांच्या थेंबांत विरघळतो आणि पावसाबरोबर परत खाली येतो.

आता ‘एका हंगामात कर्ब वाढवा’ म्हणत बाजारात विकल्या जाणाऱ्या बाटल्यांविषयी. एका एकरातल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन साधारण साडेआठ लाख किलो. कर्ब ०.१ टक्क्यानं वाढवायचा तर साडेआठशे किलो कर्ब तिथं टिकून राहायला हवा. वाळलेल्या काडीकचऱ्यात कर्ब ४० टक्के, आणि त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त वर्ष-दोन वर्षांत हवेत जातो. म्हणजे ढोबळमानानं दहा टन काडीकचरा लागेल. लिटरची बाटली शुद्ध कर्बानं भरली तरी किलो-दोन किलो. जिवाणूंची बाटली असेल तर ते खाणार तुमच्याच शेतातली काडी.

एक अडचण मात्र राहतेच. आपल्याकडची नेहमीची चाचणी, १९३४ ची वॉकली-ब्लॅक पद्धत, डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्लानं सुमारे तीन चतुर्थांश कर्ब जाळते आणि येणाऱ्या आकड्याला १.३ नं गुणते. बारीक झालेली काडी आणि कॅल्शियमनं बांधलेला कर्ब, दोन्ही एकाच आकड्यात येतात. नुकतंच शेणखत टाकलेलं शेत आणि वर्षानुवर्षं कर्ब साठवलेलं शेत, दोघांच्याही कागदावर ०.६ येऊ शकतं. म्हणून नमुना पीक निघाल्यावर, शेणखत टाकण्याआधी घ्यावा, आणि खड्डा घेण्यापूर्वी वरचा पालापाचोळा बाजूला सारावा.