स्पोर्टी फोर-बाय-फोर एटीव्ही: दोन घराण्यांची गाडी आणि सातारा-सांगलीची जमीन

पाचगणी-महाबळेश्वरला भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक क्वाड (चारचाकी एटीव्ही, म्हणजे रस्त्याबाहेरच्या जमिनीवर चालणारी हँडलची गाडी) फक्त मागच्या चाकांवर, साखळीवर चालतात. तिथे दोन फेऱ्या मारून हौस लागते आणि वाई, मेढा किंवा शिराळ्याकडे स्वतःची जमीन असलेलं कुटुंब ‘फोर-बाय-फोर घेऊ, पण जरा स्पोर्टी’ असं ठरवून किमती विचारायला लागतं. माहितीपत्रकात डिफ लॉक, आयआरएस, सीव्हीटी, लो रेंज, टू-अप असे शब्द एकापुढे एक येतात. यातला प्रत्येक शब्द कुठल्या तरी जुन्या अडचणीवरचा तोडगा आहे, आणि ती अडचण आपल्या जमिनीत आहे की नाही हे पाहिलं की निवड बरीच सोपी होते.

सुरुवात तीन चाकांची. हिवाळ्यात अमेरिकेत मोटारसायकली विकल्या जात नसत, तेव्हा विक्रेत्यांना काहीतरी विकायला हवं म्हणून होंडाने 1970 मध्ये यूएस90 बाजारात आणली. तिचंच नाव पुढे एटीसी90 झालं. 89 सीसीचं इंजिन, फुग्यासारखे मोठे टायर, आणि सस्पेन्शन नावाला नाही. धक्के खायचं काम टायरच करायचे. मागचा अ‍ॅक्सल, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणारा दांडा, अखंड; त्यामुळे वळताना आतलं आणि बाहेरचं चाक एकाच वेगाने फिरायचं. वळायचं तर आतलं चाक हलकं व्हायला हवं. त्यासाठी चालवणाऱ्याने अंगाचं वजन नेमक्या वेळी टाकावं लागे. ज्याला हे जमत नसे तो गाडीसकट उलटायचा, किंवा आधारासाठी पाय खाली टेकवला की तो मागच्या टायरखाली जायचा. मुलांचे अपघात वाढत गेले आणि 1988 मध्ये अमेरिकी सरकार व कंपन्यांमध्ये न्यायालयात समझोता झाला. तीनचाकींची विक्री थांबली. सोळा वर्षांखालच्यांसाठी 90 सीसीच्या वरची गाडी विकायची नाही, हेही त्यात ठरलं.

तोवर चौथं चाक आलेलं होतंच. सुझुकीची 125 सीसी क्वाडरनर 1982 मध्ये आली, आणि तिथून चारचाकीची दोन घराणी झाली.

पहिलं शर्यतीचं. 1985 ची सुझुकी एलटी250आर, 1986 ची होंडा टीआरएक्स250आर, 1987 ची यामाहा बॅन्शी 350: टू-स्ट्रोक इंजिन, मागच्या चाकांना साखळी, लांब ट्रॅव्हलचे शॉकअप, वजन कमी. दुसरं शेतीचं. होंडाने 1986 मध्ये फोरट्रॅक्स 350 ला चारही चाकांना ताकद दिली; पुढे-मागे रॅक, शाफ्ट ड्राइव्ह (साखळीऐवजी फिरत्या दांड्याने चाकांना ताकद), चाल संथ. गुराखी, शिकारी, बर्फातले शेतकरी हे तिचं गिऱ्हाईक. पहिल्या घराण्याने वेग शिकवला, दुसऱ्याने चिखलातून बाहेर कसं पडायचं ते. आजची स्पोर्टी फोर-बाय-फोर या दोघांच्या सोयरिकीतून आली आहे. सोयरीक नीट जमायला मात्र वीसेक वर्षं लागली, कारण ताकद चारही चाकांना द्यायची आणि तरी गाडी हलकी, वळती ठेवायची हे वाटतं तितकं सोपं नव्हतं.

मुख्य अडचण पुढच्या चाकांची. 1988 च्या होंडा टीआरएक्स300एफडब्ल्यूत चारही चाकांना ताकद कायम मिळायची, बंद करता येत नव्हती. कडक जमिनीवर हँडल जड जायचं आणि टायर झिजायचे. यावर प्रत्येक कंपनीने वेगळा तोडगा काढला, आणि निवडीच्या वेळी नीट पाहायचा मुद्दा हाच आहे.

पोलारिसने पुढच्या चाकांत रोलर क्लच बसवला. फोर-बाय-फोरचं बटण दाबलेलं असलं तरी पुढची चाकं एरवी मोकळीच फिरतात. मागची चाकं घसरली, शाफ्ट जमिनीच्या वेगापेक्षा जास्त फिरायला लागला, की रोलर खाचेत अडकतात आणि पुढून ओढ मिळते. चालवणाऱ्याला काहीच करावं लागत नाही, म्हणून नवशिक्याला ही पद्धत आवडते. पण उतारावर हेच उलटं पडतं. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर पुढची चाकं शाफ्टपेक्षा जास्त वेगाने फिरतात, रोलर सुटतात, आणि इंजिनचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. ओल्या मुरमाच्या उतारावर गाडीचं ढुंगण बाजूला सरकतं ते यामुळे. काही मॉडेलवर उतारासाठी वेगळा स्विच दिलेला असतो. मेढा-बामणोलीकडच्या चढउतारात गाडी वापरायची असेल तर तो आहे का हे आधी पाहावं.

यामाहाने बटणावर तीन पायऱ्या ठेवल्या: मागची दोन, चारही, आणि चारही अधिक पुढचा डिफ लॉक. डिफरन्शियल म्हणजे वळताना दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी; साधं डिफरन्शियल अडचणीत कच खातं. पुढचं एक चाक ओढ्याच्या कडेवर हवेत लटकलं, की सगळं फिरणं त्याच चाकाकडे जातं आणि जमिनीवरचं चाक गप्प उभं राहतं. लॉक लावला की दोन्ही चाकांना सारखं फिरावंच लागतं. पण लॉक लावून कडक जमिनीवर वळायला गेलं तर गाडी सरळच जाते, आणि सगळा ताण सीव्ही जॉइंटवर (चाकाकडे ताकद नेणाऱ्या वळत्या सांध्यावर) येतो. अडथळा ओलांडला की लॉक काढायचा, ही सवय घरातल्या प्रत्येकाला लावावी लागते. कॅन-अ‍ॅमच्या पुढच्या डिफरन्शियलमध्ये व्हिस्को-लोक असतं. एक चाक जास्त फिरलं की आतल्या द्रवाचा दाब वाढून ते आपोआप जखडतं. त्याला चाकाचा थोडा फेरा लागतो, म्हणून खडकावर अगदी सावकाश चढताना क्षणभर उशीर जाणवतो.

मागच्या अ‍ॅक्सलची कथा याहून छोटी. शर्यतवाल्यांनी अखंड अ‍ॅक्सल ठेवला, कारण तो हलका, मजबूत आणि वळणावर मुद्दाम घसरवायला सोयीचा. एका बाजूचं चाक दगडावर चढलं की मात्र अख्खा मागचा भाग तिरका होतो. पोलारिसच्या स्पोर्ट्समन 500 ने 1996 मध्ये मागच्या दोन चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिलं, त्यालाच आयआरएस म्हणतात. जांभ्याच्या उंचसखल जमिनीवर कुटुंबासाठी हेच बरं. अखंड अ‍ॅक्सलची गाडी मोकळ्या सपाट माळावर मजा देते, ओढ्यात कंबर मोडते. आयआरएसचा खर्च दुरुस्तीत येतो: चार जास्त सांधे, त्यांचे चार रबरी बूट. बूट फाटला, आतलं ग्रीस गेलं आणि चिखल शिरला की वळताना कटकट आवाज येतो. तो ऐकू आला तेव्हा जॉइंट बहुधा गेलेला असतो. बूट फाटल्याचं दिसताच बदलला तर काम थोडक्यात भागतं.

गिअरचंही तसंच. 1985 ची पोलारिस ट्रेल बॉस स्नोमोबाइलमधून बेल्टचं ट्रान्समिशन घेऊन आली, तेच सीव्हीटी. क्लच नाही, गिअर पाडणं नाही, घरातल्या कुणालाही जमेल. आज मोठ्या फोर-बाय-फोरमध्ये बहुतेक ठिकाणी हाच बेल्ट असतो, आणि तो जळतो तो चालवण्यामुळे. हाय रेंजमध्ये (वेगासाठीच्या गिअरमध्ये) ताशी दहा किमीच्या खालच्या वेगाने चढ चढवला की पुली पुरती पकडत नाही, बेल्ट एकाच जागी घासून तापतो आणि तिथे गुळगुळीत चट्टा पडतो. मग थांबून निघताना दर वेळी हिसका बसतो. चढ, चिखल, ट्रॉली, दोन माणसं: लो रेंज, म्हणजे संथ पण जोराचा गिअर. ओढ्यातून निघाल्यावर इंजिनचा आवाज वाढला पण गाडी हलत नसेल तर बेल्टच्या डब्यात पाणी गेलंय. डब्याच्या खालच्या बाजूचं बूच काढून पाणी सोडावं, न्यूट्रलमध्ये थोडी रेस देऊन बेल्ट सुकवावा. जादा बेल्ट आणि पुली उघडायची पट्टी सीटखाली ठेवलेली बरी.

सोयरिकीची पहिली फळं 1995 ची: पोलारिस स्क्रॅम्बलर 400 आणि यामाहा वुल्व्हरिन 350. स्क्रॅम्बलर टू-स्ट्रोक, वुल्व्हरिन फोर-स्ट्रोक. खरी मोठी उडी 2007 च्या कॅन-अ‍ॅम रेनेगेड 800 ची. आउटलँडर या कामाच्या गाडीचीच चेसिस, त्यावर व्ही-ट्विन रोटॅक्स इंजिन, रॅक काढलेले आणि अंग शर्यतीच्या गाडीसारखं. त्याच वर्षीच्या यामाहा ग्रिझली 700 ने एटीव्हीला पहिल्यांदा इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग दिलं. हाताला झटके बसणं त्यामुळे इतकं कमी होतं की लांबच्या फेरीसाठी आमच्या मते इंजिनची ताकद चार हॉर्सपॉवरने कमी चालेल, पण पॉवर स्टिअरिंग हवंच. रॅक नसलेली गाडी दिसते छान, पण पाण्याचा कॅन, पंप आणि जेवणाचे डबे ठेवायचे कुठे हा प्रश्न पहिल्याच सहलीला उभा राहतो. साधारण 500 ते 600 सीसी, आयआरएस, लो रेंज, पॉवर स्टिअरिंग आणि निदान मागे तरी रॅक, एवढं असलं तर कुटुंबाचं भागतं. 800-1000 सीसीच्या गाडीचा अंगठ्याचा अ‍ॅक्सिलरेटर नवख्याच्या हाताला फार तिखट असतो.

सीट लांब असते ती चालवणाऱ्याने पुढे-मागे सरकावं म्हणून. मागे कुणाला बसवायला नव्हे. मागे माणूस बसला की वजन मागच्या अ‍ॅक्सलच्या पलीकडे जातं आणि चढावर पुढची चाकं उचलतात. दोघांसाठी म्हणून बनवलेल्या टू-अप गाड्यांचा व्हीलबेस लांब असतो, मागच्याला पाठ टेकायला जागा आणि धरायला कड्या असतात. मुलांना मात्र पुढे टाकीवर बसवणं वाईटच. त्यांच्यासाठी अमेरिकी मानकांत 6, 10, 12 आणि 14 वर्षांपासूनचे वेगवेगळे गट आहेत. सहा वर्षांच्या गटातल्या गाडीचा कमाल वेग ताशी सुमारे 24 किमी, आणि लिमिटर लावून 16. मोठ्यांची गाडी सोळाच्या आधी नाही.

भारतात पोलारिसने 2011 मध्ये कंपनी उभारली. साधी एटीव्ही आपल्याकडे आरटीओत रस्त्यासाठी नोंदवता येत नाही, आणि पाणंद हीसुद्धा सार्वजनिक वाटच आहे. म्हणून एप्रिल 2021 मध्ये आलेली 567 सीसीची स्पोर्ट्समन 570 ट्रॅक्टर महत्त्वाची. तिला शेतीचा ट्रॅक्टर म्हणून मान्यता मिळाली. तेव्हाची एक्स-शोरूम किंमत 7.99 लाख. बाकीच्या गाड्या पिकअपमध्ये घालून खासगी जमिनीपर्यंत न्याव्या लागतात. त्या तीनशे किलोच्या आसपास भरतात, म्हणून फळीऐवजी लोखंडी रॅम्प, आणि चारही कोपऱ्यांना रॅचेटचे पट्टे.

जागेचं गणितही आधीच मांडावं. कोयना अभयारण्य 1985 चं, चांदोली राष्ट्रीय उद्यान 2004 चं, आणि 2010 मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात 2012 मध्ये कास पठाराचाही समावेश झाला. या ठिकाणी एटीव्हीला वाव नाही. महाबळेश्वर-पाचगणी 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. साताऱ्याच्या सड्यांवर कातळावर मातीचा पातळ थरच असतो. पावसाळ्यात चाकाने तो खरवडला की फुलं, गवत पुन्हा धरायला वर्षं जातात. राहतो तो स्वतःचा किंवा परवानगीचा माळ, उसातल्या बांधालगतची वाट, खासगी पार्क.

टायर जमिनीवर ठरतात. जत-आटपाडीच्या माळावर वेडी बाभूळ आहे, तिथे दोन प्लायचे (थरांचे) टायर टिकत नाहीत, सहा प्लाय घ्यावेत. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत दाट नक्षीचा टायर भरून जाऊन रोलर होतो. अंतर सोडून दात असलेली नक्षी स्वतःला साफ करते. हवा मात्र सगळीकडे कमीच, बहुतेक गाड्यांवर 5 ते 7 पीएसआय लिहिलेली असते. रस्त्यावरच्या पंक्चरच्या दुकानात गेजची सुई एवढ्या खाली नीट दाखवत नाही, आणि सवयीने 25-30 भरली जाते. मग टायर मधून फुगतो, दगडावरून उडतो, आणि डावी-उजवीकडे एखाद्या पीएसआयचा फरक पडला तरी गाडी एका बाजूला ओढते. कमी दाबाचं गेज वेगळं विकत घ्यावं, टायर थंड असताना मोजावं, आणि प्लग किटसोबत बारा व्होल्टचा छोटा पंप मागच्या रॅकवर बांधून ठेवावा.