कल्याणची प्यूजो आणि तिच्या मागच्या धुऱ्यातला पीळ

प्यूजो ३०९ आता मुंबईत दिसत नाही म्हटलं तरी चालेल. प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि फ्रान्सची प्यूजो यांच्या भागीदारीतून १९९४ पासून ती कल्याणच्या कारखान्यात तयार होऊ लागली. पुढे कामगारांचा वाद चिघळला, १९९७च्या सुमारास प्यूजोने काढता पाय घेतला आणि गाडीही संपली. धंदा म्हणून फसलेलं प्रकरण. पण नव्वदच्या दशकातली मध्यम आकाराची कौटुंबिक हॅचबॅक कशी विचार करून बांधलेली असायची, हे समजून घ्यायला आपल्याकडे विकल्या गेलेल्यांत तिच्याइतकी बोलकी गाडी मला दुसरी दिसत नाही. तिचा स्वभाव ठरवणारी वस्तू बॉनेटखाली शोधू नका. ती मागच्या दोन चाकांच्या मधोमध, जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर आडवी पडलेली आहे.

कुळकथा थोडक्यात सांगतो. प्यूजोच्या समूहाने १९७८ साली क्रायस्लरचा युरोपातला धंदा विकत घेतला आणि त्या गाड्यांना टॅलबो हे जुनं नाव दिलं. टॅलबोसाठी ॲरिझोना नावाची नवी हॅचबॅक आखली जात होती. ती तयार होईपर्यंत टॅलबो नावाची रया गेली, म्हणून १९८५ मध्ये तिच्यावर प्यूजोचा सिंह बसवून तिला ३०९ केलं. खर्च वाचवायला धाकट्या २०५ चा सांगाडा लांबवून वापरला, बाजूची दारंसुद्धा तिचीच घेतली. युरोपात १९९३ मध्येच तिची जागा ३०६ ने घेतली होती, त्यामुळे कल्याणला आलेली गाडी तिकडची उतरलेली गाडी होती, हे खरं. तरीही शेजारी कुर्ल्याहून निघणाऱ्या प्रीमियरच्याच पद्मिनीच्या मानाने ती एका पिढीने नव्हे, दोन पिढ्यांनी पुढे होती.

पद्मिनीत इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं. त्यामागे गिअरबॉक्स, तिथून मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब शाफ्ट, मागे डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरांचा, गोळा पोटात घेऊन हलणारा भरभक्कम धुरा, म्हणजे ॲक्सल, आणि तो तोलून धरायला पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. ३०९ मध्ये इंजिन आडवं केलं, गिअरबॉक्स त्याच्याच टोकाला जोडला आणि ताकद थेट पुढच्या चाकांना दिली. ही मांडणी फियाटच्या दान्ते जाकोसा यांनी १९६४ च्या ऑटोबियांकी प्रिमुलात रुजवली आणि नंतर जगभरच्या छोट्या-मध्यम गाड्यांनी उचलली. लांबीत या दोन गाड्या जवळपास सारख्याच, ३०९ साधारण चार मीटर पाच सेंटिमीटर. पण तिच्यात मधला शाफ्ट नाही, म्हणून मागे बसणाऱ्या तिसऱ्या माणसाच्या पायांमध्ये उंच बोगदा येत नाही. मागचा धुरा ताकद वाहत नाही, म्हणून तो हलका आणि हवा तसा करता येतो. इथून गंमत सुरू होते.

३०९ च्या मागच्या बाजूला कॉइल स्प्रिंग सापडणार नाही, पाटेही नाहीत. आडवी नळी, तिच्या दोन्ही टोकांना मागच्या दिशेने गेलेले दोन लोखंडी बाहू, म्हणजे ट्रेलिंग आर्म, आणि बाहूंच्या टोकांना चाकं. स्प्रिंगचं काम करतात दोन पोलादी कांड्या, टॉर्शन बार. एक नळीच्या पुढून, दुसरी मागून. डाव्या चाकाची कांडी गाडीच्या रुंदीभर आडवी जाऊन उजव्या बाजूला पक्की केलेली, उजवीची डावीकडे. चाक खड्ड्यातून वर उचललं गेलं की बाहू फिरतो आणि ओला पंचा पिळावा तशी कांडी पिळली जाते; चाक उतरलं की पीळ सुटतो. पिळाचा ताठपणा कांडीच्या व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतो. व्यास फक्त दहा टक्क्यांनी वाढवला तर कांडी जवळजवळ दीडपट ताठ होते. त्यामुळे एकाच सांगाड्यावर मवाळ कौटुंबिक गाडी आणि चपळ जीटीआय अशी दोन्ही रूपं देणं कारखान्याला तुलनेने स्वस्तात जमत असे.

शॉकअप आडव्याला टेकतील इतके झुकवून बसवलेले. कॉइल स्प्रिंग आणि उभे शॉकअप डिकीच्या दोन्ही बाजूंना जे उंचवटे काढतात, ते इथे नाहीत. पाचवं दार उघडलं की तळ सपाट आणि रुंद. गणपतीला कोकणात निघालेल्या कुटुंबाचं सामान आणि मागच्या सीटवर तिघं, एवढा भार या मागच्या भागावर पडतो, आणि इथे अभियंत्याची खरी परीक्षा होते.

गाडी आरामदायी वाटते की आदळते, हे बरंचसं एका आकड्यावर ठरतं. गाडीच्या स्वतःच्या वजनाने स्प्रिंग किती सेंटिमीटर दबते ते मोजा, त्याचं वर्गमूळ काढा आणि पाचाला त्याने भागा. सेकंदाला गाडी किती वेळा वरखाली डोलेल ते मिळतं. सोळा सेंटिमीटर दबणारी स्प्रिंग सेकंदाला सव्वा वेळा डोलते, नऊ सेंटिमीटरवाली सुमारे पावणेदोन वेळा. पोटातल्या अवयवांना सगळ्यांत जास्त त्रास सेकंदाला चार ते आठ हादऱ्यांनी होतो, म्हणून अभियंते एक ते दीडच्या आसपास राहायला बघतात. मवाळ स्प्रिंग हवी तर चाकाला वरखाली व्हायला जागा भरपूर लागते, आणि सुटलेला पीळ एका झटक्यात शांत करायला शॉकअप चांगले लागतात. प्यूजो कित्येक वर्षं स्वतःचे शॉकअप स्वतः बनवत असे. जुन्या फ्रेंच गाड्या खड्ड्यांतून अंग चोरत जातात, ही ख्याती काही नुसती जाहिरातीतून आली नाही. पेव्हर ब्लॉक आणि डांबर यांच्या सांध्यावर, म्हणजे मुंबईच्या जवळपास प्रत्येक चौकात, हा फरक कमरेला कळतो.

वळणावर मात्र हाच मागचा भाग वेगळा खेळ खेळतो. पुढची चाकं खेचणाऱ्या गाडीत ६० ते ६५ टक्के वजन पुढे असतं. वळण जोरात घेतलं तर पुढची चाकं आधी थकतात, गाडी वळणाच्या बाहेर सरळ जायला बघते. कौटुंबिक गाडीत हा स्वभाव बरा, कारण घाबरलेला माणूस ॲक्सिलरेटर सोडतो आणि गाडी आपोआप सावरते. ३०९ च्या घराण्यात पाय सोडल्याचा परिणाम याहून पुढे जाई. वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात, आणि ट्रेलिंग आर्मची चाकं बॉडीबरोबरच कलत असल्याने बाहेरच्या मागच्या चाकाची रस्त्यावरची पकड आणखी कमी होते. शेपूट बाहेरच्या बाजूला सरकू लागते, नाक वळणात आत शिरतं. जाणकार चालकाला यात मजा आहे. २०५ जीटीआयचं नाव झालं ते याच सवयीमुळे, आणि कित्येक भल्याभल्यांना तिने शेताचा रस्ता दाखवला तोही याच सवयीने. कल्याणच्या १.४ पेट्रोलमध्ये एवढी ताकद नव्हती, पण बोर घाटाच्या उतरत्या वळणावर नाक कसं हलकेच आत येतं ते कळण्यापुरती होती.

पावसात घाट चढताना वजन मागे सरकतं आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची चाकं जागीच फिरतात, असं बरेच जण सांगतात. हिशोब करून बघू. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर धरा, दोन धुऱ्यांमधलं अंतर २.४७ मीटर. दहाला एक अशा चढावर मागे सरकणारं वजन भरतं एकूण वजनाच्या दोन टक्क्यांच्या थोडं वर. सपाटीवर पुढे ६२ टक्के होतं ते ६० झालं, एवढंच. खरी उलथापालथ ब्रेक दाबताना होते. रस्ता कोरडा आणि ब्रेक जोराचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सात-दशांश इतकं मंदन, तर त्याच हिशोबाने सुमारे साडेपंधरा टक्के वजन पुढे धावतं. मागच्या चाकांकडे उरतात जेमतेम २२ टक्के. त्यांना पुढच्याइतकाच ब्रेक दिला तर ती आधी जाम होतील आणि गाडी भोवऱ्यात जाईल, म्हणून मागचा दाब मर्यादेत ठेवणारा व्हॉल्व्ह लागतो.

इंजिनं दोन, दोन्ही प्यूजोच्या टीयू नावाच्या इंजिन-घराण्यातली. १३६० सीसी पेट्रोल आणि १५२७ सीसी डिझेल. हेच डिझेल इंजिन पुढे मारुतीच्या झेन आणि एस्टीममध्ये आलं, त्यामुळे मुंबईच्या गॅरेजवाल्यांचा हात त्यावर ३०९ पेक्षा त्या गाड्यांमुळे बसला. सकाळी हीटर प्लग तापेपर्यंत थांबायचं, मग खडखडाट. पण सायनच्या गर्दीत रांगणाऱ्या गाडीसाठी ते शहाणपणाचं होतं. पेट्रोल इंजिन हळू चालताना अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून, म्हणजे हवेच्या झडपेतून, हवा ओढतं, आणि ती ओढण्याची मेहनत वाया जाते. डिझेलला तो अडसरच नाही. हवा पोटभर, इंधन लागेल तेवढंच. म्हणून ॲव्हरेजचा फरक मोकळ्या हायवेपेक्षा गर्दीत जास्त दिसतो.

उरला या मागच्या धुऱ्याचा कच्चा दुवा. ट्रेलिंग आर्म नळीत सुईबेअरिंगवर फिरतात. टोकाचं रबरी सील म्हातारं झालं की पाणी आत जातं. हिंदमाताला चाकांपर्यंतच्या पाण्यातून दर पावसाळ्यात जाणाऱ्या गाडीचं काय होईल हे सांगायला नको. ग्रीस धुऊन निघतं, सुया गंजतात, चाकाची वरची कड आत झुकू लागते, टायर आतल्या बाजूने खाल्ला जातो. मालक अलाइनमेंट करून घेतो, महिन्याभरात पुन्हा तेच. गाडी सपाटीवर उभी करून मागून बघितली की दुखणं कळतं: चाकांचे माथे एकमेकांकडे कललेले. वेळीच पकडलं तर नवी बेअरिंग आणि सील टाकून भागतं. उशीर झाला तर आर्मचा शाफ्टही खाल्लेला निघतो आणि नळीसकट सगळा संच बदलावा लागतो. पुढे बहुतेक कंपन्यांनी पत्र्याचा एकसंध पिळणारा बीम आणि साध्या कॉइल स्प्रिंगा स्वीकारल्या. त्यात सुया नाहीत, दोन रबरी बुश आणि काम झालं. डिकीतली थोडी रुंदी गेली, ती गिऱ्हाइकांनी मुकाट सोडून दिली.