पॉइंट टू-टू आणि पॉइंट टू-टू-थ्री : पहिली रायफल घेताना

रायफल शिकायला येणारे बरेच जण एक प्रश्न हमखास विचारतात : ".२२ आणि .२२३ मध्ये एका आकड्याचाच तर फरक आहे, मग पहिल्यापासून जरा जोरकसच घेतली तर काय बिघडलं?" प्रश्न भाबडा नाही. मोजून पाहिलं तर दोन्हींच्या गोळीचा व्यास जवळपास सारखाच भरतो, सुमारे ५.७ मिलिमीटर. फसगत होते ती इथेच.

दोन्ही काडतुसं तळहातावर शेजारी शेजारी ठेवा. .२२ लाँग रायफलचं काडतूस जेमतेम इंचभर, पुंगळी (दारू भरलेलं धातूचं नळकांडं) सरळसोट, गोळी बहुधा उघड्या शिशाची. .२२३ रेमिंग्टनचं त्याच्या दुपटीहून लांब, ५७ मिलिमीटरचं. त्याची पुंगळी बाटलीसारखी, खाली रुंद आणि गळ्याशी एकदम निमुळती. गोळी तेवढ्याच जाडीची, पण तिच्यामागची दारू कितीतरी जास्त. .२२ ची अडीच ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ३३० ते ३८० मीटर वेगाने निघते, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या आसपास. .२२३ ची साडेतीन ग्रॅमची गोळी लांब नळीतून ९८० मीटरच्या घरात जाते. ऊर्जा धरली तर एकीकडे १४० ते १९० जूल, दुसरीकडे १,७०० च्या आसपास. नावात एक आकडा वाढला आणि जोर दहापट झाला.

आता झाडलेल्या पुंगळ्या उलट्या करून बूड पाहा. .२२३ च्या मधोमध प्राइमरची, म्हणजे दारू पेटवणाऱ्या मसाल्याची, छोटी चकती असते आणि तिच्यात गोल खळगा पडलेला दिसतो, हे सेंटरफायर. .२२ चं बूड मध्ये कोरं, खूण फक्त काठावर, नखाने दाबल्यासारखी, हे रिमफायर. पेट घेणारा मसाला त्या काठाच्या घडीतच भरलेला असतो. म्हणून .२२ ची पुंगळी पुन्हा भरता येत नाही. काठात मसाला सगळीकडे सारखा बसला नसेल तर एखादं काडतूस फुसकंही निघतं. तसं झालं तर लगेच बोल्ट (नळीची मागची बाजू बंद करणारा दांडा) उघडायचा नाही. नळी लक्ष्याकडेच रोखून निदान ३० सेकंद थांबायचं, कारण काडतूस उशिरा पेटू शकतं. आणखी एक : रिकाम्या रिमफायर रायफलचा चाप सरावासाठी ओढण्याआधी तिची माहितीपुस्तिका वाचा. काही रायफलींत फायरिंग पिन (काडतूस पेटवणारी टोकदार सळई) थेट चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या, काठावर आपटते आणि तिथे खाच पडते.

एवढं सगळं असूनही पहिली रायफल .२२ च घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. कारण बार होताना खांद्याला बसणाऱ्या धक्क्याचं नाही. मोठ्या रायफलींच्या मानाने .२२३ चा धक्का सौम्यच असतो. घाबरवतो तो तिचा आवाज. नवख्याचं शरीर त्या आवाजाची आधीच धास्ती घेतं आणि ते त्याला स्वतःला कळतही नाही. हे उघड करायला शिकवणारे मॅगझिनमध्ये मध्येच एक नकली काडतूस घालतात. चाप ओढला जातो, नुसता 'टक्' आवाज येतो, आणि नळी तरीही खाली दबते, डोळे मिटतात, खांदा पुढे ढकलला जातो. बार झालाच नव्हता, तरी शरीराने तो झेलला! ही सवय एकदा लागली की मोडायला महिने जातात. .२२ वर ती मुळात लागतच नाही, असं नाही. पण लागलीच तर पटकन दिसते आणि सुटते. काडतुसं स्वस्त असल्यामुळे एका बैठकीत शंभर बार शांतपणे करता येतात. नेम बसतो तो या शंभर बारांनी. ऑलिंपिकमधली ५० मीटर रायफल स्पर्धाही याच .२२ वर खेळली जाते.

.२२३ ची खरी जागा लांब पल्ल्यावर. .२२ चा नेम ५० मीटरवर बसवला तर १०० मीटरवर गोळी जवळपास वीतभर खाली लागते. .२२३ चा १०० मीटरवर बसवला तर २०० मीटरवर चार बोटं. तिथवर नेमबाजी पोचली की ती जरूर घ्या.

पण .२२ म्हणजे खेळणं नव्हे, हे कळकळीने सांगतो. तिची गोळी दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते, आणि दगडावरून किंवा पाण्यावरून उसळून भलतीकडे वळते. लक्ष्यामागे मातीचा भक्कम बांध हवाच. कानांना आणि डोळ्यांना संरक्षण दोन्हींसाठी हवं.

काडतुसं घेताना नुसतं ".२२" म्हणून मागू नका. .२२ मॅग्नम हे वेगळंच काडतूस आहे. ५.५६ नाटो हे लष्करी काडतूस दिसायला .२२३ सारखंच असतं, पण .२२३ च्या चेंबरमध्ये ते वापरू नये. नळीवर जे नाव कोरलं आहे, तेच घ्यायचं.

परवाना आणि कुलपाची पेटी हातात आल्यावरच दुकानात जा. साधी बोल्टची, शक्यतो एका वेळी एकच काडतूस भरायची रायफल मागा. दुकानदाराने ती रिकामी असल्याचं दाखवल्यावर दस्ता खांद्याला लावा. मान न ताणता गाल दस्त्यावर टेकतो का आणि डोळा आपोआप माशीच्या (नळीच्या टोकावरच्या नेमखुणेच्या) रेषेत येतो का, ते पाहा. येत नसेल तर दुसरी मागा.