मोझांबिकचा गॅस सिलिंडरमध्ये का मावत नाही?

मोझांबिकमधलं गॅसचं थांबलेलं काम पुन्हा सुरू होणार, ही बातमी वाचून एका परिचितांनी मला विचारलं, "एवढे अब्जावधी डॉलर कशाला? गॅस दाबून सिलिंडरमध्ये भरायचा आणि बोटीत चढवायचा!" प्रश्न अगदी रास्त आहे.

आपल्या सिलिंडरमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन असतात. मोझांबिकच्या उत्तरेला, रोवुमा खोऱ्यात समुद्रतळाखाली २०१० पासून सापडत गेलेले प्रचंड साठे मात्र मुख्यतः मिथेनचे आहेत, आणि मिथेन दाबाला बधत नाही. वायूचे रेणू एकमेकांना ओढतात, उष्णता त्यांना पळवत राहते. प्रत्येक वायूचं एक क्रांतिक तापमान असतं. त्याच्या वर कितीही दाब दिला तरी द्रव तयार होत नाही. प्रोपेनचं हे तापमान सुमारे ९७ अंश सेल्सिअस, मिथेनचं उणे ८२.६. एकोणिसाव्या शतकातला शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे याने बरेच वायू द्रवरूप केले, पण ऑक्सिजन, नायट्रोजन, मिथेन त्याला काही केल्या जमले नाहीत. त्यांना तेव्हा 'कायमचे वायू' म्हणत.

म्हणून थंड करणं आलं. उणे १६२ अंशांना मिथेन साध्या हवेच्या दाबालाच द्रव होतो आणि सुमारे सहाशेपट कमी जागेत मावतो. त्याआधी त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प काढावं लागतं, नाहीतर ते गोठून नळ्या तुंबतात. पाराही काढावा लागतो, कारण तो थंड करणाऱ्या यंत्रांतलं ॲल्युमिनियम पोखरतो.

यातला मला सर्वांत आवडणारा भाग शीतकाचा, म्हणजे उकळताना उष्णता शोषून थंडावा देणाऱ्या पदार्थाचा. फ्रिजमध्ये एकच शीतक असतं आणि ते ठराविक दाबाला एकाच तापमानाला उकळतं. इथे गॅसला मात्र तीस अंशांपासून उणे १६२ पर्यंत उतरवायचं असतं. एकच शीतक वापरलं, तर सुरुवातीला गॅस आणि शीतक यांच्या तापमानात फार मोठी तफावत राहते. जेवढी तफावत मोठी, तेवढी एन्ट्रॉपी, म्हणजे ऊर्जेची विस्कळीतता, वाढते आणि तेवढं कॉम्प्रेसरचं काम वाया जातं. म्हणून मिथेन, इथेन, प्रोपेन असं मिश्रणच शीतक म्हणून वापरतात. हलका घटक आधी, अतिशीत टोकाला उकळतो आणि जड घटक नंतर. त्यामुळे शीतकाचं तापमान गॅसच्या तापमानाला बिलगून चालतं.

रोवुमा खोऱ्यातल्या कोरल नावाच्या साठ्यावर हे सगळं ४३२ मीटर लांबीच्या तरंगत्या कारखान्यात होतं. तिथे समुद्र सुमारे दोन हजार मीटर खोल आहे. पहिलं जहाज २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये निघालं. किनाऱ्यावरचा मोठा प्रकल्प मात्र २०२१ मध्ये पाल्मा गावावरच्या सशस्त्र हल्ल्यानंतर थांबला. त्यात भारतीय सरकारी कंपन्यांचा मिळून ३० टक्के वाटा आहे, मुंबईच्या भारत पेट्रोलियमसह.

या देशाला 'नैसर्गिक संपत्तीचा शाप' लागला, म्हणजे जमिनीखालच्या संपत्तीनेच त्याचं नुकसान केलं, असं सर्रास लिहिलं जातं. हा शब्द मला मान्य नाही. २०१३-१४ मध्ये सरकारी हमीवर सुमारे दोन अब्ज डॉलरची कर्जं संसदेला अंधारात ठेवून घेतली गेली, त्या वेळी गॅसच्या भावी पैशांची आशा दाखवली जात होती. ती माणसांनी केलेली सही होती. गॅस सापडण्यापासून पहिली निर्यात होईपर्यंत बारा वर्षं गेली, हेही 'आता देश श्रीमंत होणार' म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

आता बोटीचं. तिच्या टाक्यांना जाड उष्णतारोधक आवरण असतं, तरी थोडा गॅस सतत उकळत राहतो. जाणारी वाफ उरलेल्या द्रवातली उष्णता घेऊन जाते, अगदी माठातल्या पाण्यासारखी. तीच वाफ बऱ्याच बोटींत इंजिनात जाळतात.