स्पिनला वॉशिंग मशीन नाचतंय? फोन करायच्या आधी हे वाचा

"धुताना काही नाही हो, पण स्पिन सुरू झालं की मशीन धडधडत पुढे येतं." असा फोन आला की पुढचा प्रश्न ठरलेला, शॉकअप (ड्रमचे हादरे शोषणारे दांडे) गेले का आणि कितीला पडतील? थांबा जरा, आधी मशीनच्या खाली बघा.

आमचा सगळ्यात जास्त वेळ खातो तो पायाखालचा पुठ्ठा. ड्राय बाल्कनीत पाणी वाहून जावं म्हणून फरशीला जाळीकडे उतार दिलेला असतो, त्यामुळे मशीनचा एखादा पाय अधांतरी राहतो आणि मग तिथे पुठ्ठा, लाकडाची चकती, कापलेली स्लिपर असं काहीही सारतात. दोन दिवस बरं वाटतं. पण पुठ्ठा भिजला की दबतो, लाकूड सरकतं, आणि आम्हाला ते सगळं उपसून पहिल्यापासून लेव्हल करत बसावं लागतं. अहो, त्या पायांना आटे आहेत, ते फिरवून खालीवर होतात! समोरासमोरचे तिरके कोपरे आलटून पालटून दाबा, डुगडुगलं तर उचलला जाणारा पाय फिरवून नीट टेकवा आणि त्याचा लॉक नट पान्याने वर बॉडीला घट्ट आवळा. हा नट राहिला तर हादऱ्याने पाय पुन्हा फिरतो, केलेलं सगळं वाया. चाकाचं स्टँड तर फ्रंट लोडला आम्ही लावूच देत नाही.

लेव्हल झाली की रिकाम्या ड्रमवर नुसतं स्पिन लावून बघा. रिकामं शांत चाललं तर मशीन बरं आहे, गडबड कपड्यांची. एकटी चादर किंवा एकच जाड टॉवेल टाकला की तो भिजून एका बाजूला गोळा होतो, आणि 1000 आरपीएमला कडेचं अर्धा किलो जास्तीचं वजन 125 किलोच्या वर जोराने ड्रम ओढतं. म्हणूनच मशीन मधेच थांबून पुन्हा पाणी घेतं आणि मिनिटं पुढे सरकत नाहीत, तो बिघाड नाही. सोबत दोन-तीन टॉवेल टाका. रजईच्या कव्हरची चेन लावून घ्या, नाहीतर सगळे मोजे आत जाऊन बसतात. रेनकोट आणि गादीचं वॉटरप्रूफ कव्हर मात्र स्पिनला कधीच नको, त्यात पाणी अडकतं आणि मशीन उलटू शकतं.

घर शिफ्ट केलंय का? फ्रंट लोडच्या मागचे ट्रान्झिट बोल्ट (नेताना ड्रम हलू नये म्हणून लावतात ते) काढल्याशिवाय मशीन चालवू नका, आणि काढलेले फेकूही नका, पुढच्या शिफ्टिंगला लागतात. नेताना बोल्ट लावणं, नव्या घरात काढून लेव्हल करून देणं हे काम आम्ही करतो, सामान हलवायच्या आधी कळवा.

नुसते पाय फिरवले तरी व्हिजिट चार्ज का, असं काही जण म्हणतात. आम्ही स्पिरिट लेव्हल लावतो, कपडे भरून पूर्ण स्पिन आमच्यासमोर होऊ देतो, मगच निघतो, आणि गरज नसताना शॉकअप गळ्यात मारत नाही, त्याचाच तो चार्ज आहे.

रिकामं असूनही आपटत असेल तर मात्र शॉकअप, स्प्रिंग किंवा टॉप लोडचे सस्पेन्शन रॉड (ज्यांवर ड्रम टांगलेला असतो ते) बघावे लागतील. तेव्हा मशीन बंद ठेवा आणि आम्हाला बोलवा. आधी काढलेला स्पिनचा व्हिडिओ असेल तर पायांचा फोटो आणि मॉडेल नंबरसोबत व्हॉट्सॲप करा, म्हणजे पार्ट पहिल्या फेरीतच घेऊन येता येईल.