‘या आठवड्यात काम शोधलंत का?’ : अमेरिकेतल्या बेकारी विम्याची पार्श्वभूमी

अमेरिकेत नोकरी गेली की माणूस आपल्या राज्याच्या श्रम खात्याकडे अर्ज करतो. पण एकदा अर्ज करून भागत नाही. तो मंजूर झाल्यावरही बहुतेक राज्यांत दर आठवड्याला, वेबसाइटवर किंवा फोनवर, तेच प्रश्न पुन्हा समोर येतात. या आठवड्यात काम करण्याइतकी तुमची तब्येत ठीक होती का? काम मिळालं असतं तर लगेच रुजू झाला असतात का? काम शोधलंत का? कुठलं काम नाकारलंत का? काही कमाई झाली का? तिकडची मराठी मंडळी याला ‘सर्टिफाय करणं’ म्हणतात. एखाद्या आठवड्याला विसर पडला, तर त्या आठवड्याचे पैसे अडकतात.

ज्याचा नुकताच लेऑफ झालाय, त्याला हे प्रश्न झोंबतात. आपण हात पसरायला आलोय आणि पलीकडचा माणूस आपल्याला तपासतोय, असं वाटतं. ते वाटणं खोटं नाही, कारण या प्रश्नांमध्ये शंभर वर्षांचा संशय साठलेला आहे. पण मिळणारे पैसे ही भीक नव्हे. कामावर असताना मालकाने तुमच्या पगारावर भरलेल्या करातून ते मुख्यतः येतात. हक्क आणि संशय एकाच फॉर्मवर कसे आले, ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

पहिला मुद्दा आठवड्याचा. आपल्याकडे नोकरदाराचा हिशोब महिन्याचा, पगार एक तारखेचा. इंग्लंड-अमेरिकेतल्या कारखान्यांमध्ये मजुरी आठवड्याची असे. काम सुटलं की घरातली चूल पुढच्याच आठवड्यात थंड होणार, म्हणून मदतही आठवड्याच्याच मापाने बेतली गेली. ब्रिटनच्या १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने पहिल्यांदा देशपातळीवर सक्तीचा बेकारी विमा आणला. लॉइड जॉर्ज अर्थमंत्री होते. बेकारीच्या भागाची जुळवाजुळव चर्चिल यांच्या व्यापार खात्यात झाली होती आणि तिथे तरुण विल्यम बेव्हरिज, पुढे ब्रिटनच्या सामाजिक सुरक्षेचे शिल्पकार ठरलेले, काम करत होते. बांधकाम, जहाजबांधणी, इंजिनिअरिंग अशा मोजक्या धंद्यांतल्या सुमारे साडेबावीस लाख कामगारांना हा विमा लागू झाला. कामगार आणि मालक दोघांनी आठवड्याला प्रत्येकी अडीच पेन्स भरायचे, सरकारने आपली भर घालायची आणि काम गेलं तर आठवड्याला ७ शिलिंग, वर्षात जास्तीत जास्त १५ आठवडे. प्रत्यक्ष पैसे १९१३ च्या जानेवारीपासून मिळू लागले. रोजगार केंद्रं तीन वर्षं आधीच, १९१० मध्ये उघडली होती. बेकार कामगाराने आपलं विमा-पुस्तक तिथे जमा करायचं आणि कामाच्या वेळेत जाऊन सही करायची. दुसरीकडे गुपचूप काम करणारा माणूस त्या वेळी हजर राहू शकणार नाही, हा त्यामागचा हिशोब. आजच्या ‘काही कमाई झाली का?’ या प्रश्नाचं मूळ त्या सहीत आहे.

‘काम शोधलंत का?’ हा प्रश्न मात्र जास्त कडवट आहे. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये बेकारी वाढली, विम्याची तिजोरी आटली आणि १९२१ पासून ‘खरोखर काम शोधत असल्याचं’ सिद्ध करण्याची अट आली. सुरुवातीला ती काहींनाच होती, १९२४ मध्ये सगळ्यांना लागू झाली. ज्या गावातली खाण किंवा गिरणीच बंद पडलीय, तिथल्या माणसानेही दारोदार फिरून नकार गोळा करायचे आणि समितीपुढे मांडायचे. पुरावा देण्याचं ओझं सगळं त्याच्यावर. कामगार संघटनांनी या अटीवर एवढं रान उठवलं की १९३० मध्ये ती काढावी लागली. पण कल्पना मेली नाही. अमेरिकेत बऱ्याच राज्यांनी ती आपापल्या कायद्यात घेतली आणि २०१२ मध्ये तिथल्या केंद्रीय कायद्यानेच ‘सक्रियपणे काम शोधणं’ बंधनकारक केलं.

आता विस्कॉन्सिनकडे वळू, कारण अमेरिकेची खरी गोष्ट तिथे सुरू होते. विस्कॉन्सिन विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ जॉन कॉमन्स यांचा विचार असा होता: कारखान्यात अपघात झाला तर भरपाई मालकाने द्यायची, हा कायदा आपण १९११ मध्ये केला आणि त्यानंतर मालकांना सुरक्षेची काळजी वाटू लागली. मग बेकारी हाही कारखान्यातलाच अपघात का मानू नये? कामगार काढणं मालकाला महाग पडलं, तर तो काढण्याआधी दहादा विचार करेल. १९२१ पासून विधेयकं येत राहिली आणि पडत राहिली. शेवटी महामंदीने वाट मोकळी केली. कॉमन्स यांच्या तालमीत तयार झालेले हॅरॉल्ड ग्रोव्हज विधिमंडळात गेले. पॉल राउशेनबुश आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ ब्रँडाइस यांनी मसुद्याचं काम अंगावर घेतलं. २८ जानेवारी १९३२ रोजी गव्हर्नर फिलिप ला फॉलेट यांनी देशातल्या पहिल्या बेकारी भरपाई कायद्यावर सही केली. त्या कायद्यात कामगाराने एक छदामही भरायचा नव्हता. प्रत्येक मालकाचं स्वतंत्र खातं, त्यात त्यानेच पैसे टाकायचे आणि त्याने काढलेल्या माणसांना त्यातूनच द्यायचे.

हा विचार अजून जिवंत आहे. आजही ज्या कंपनीची माणसं जास्त क्लेम करतात, त्या कंपनीचा राज्याचा कर साधारणपणे वाढतो. कॉमन्स यांना वाटलं होतं तसं, यामुळे माणसं काढण्याला काही प्रमाणात आळा बसत असेलही. पण याच नियमामुळे क्लेमच्या विरोधात भांडायला मालकाला कारण मिळालं. ‘त्याने स्वतःच राजीनामा दिला’ किंवा ‘गैरवर्तनासाठी काढलं’ असं कंपनी कळवते, अपील होतं, सुनावणी होते. सद्हेतूने केलेली एक रचना कामगाराच्याच अंगावर उलटली, आणि या साऱ्या इतिहासातली मला सर्वांत खटकणारी गोष्ट हीच आहे.

एका राज्याने कायदा केला, पण बाकीची राज्यं का करेनात? भीती साधी होती: आपण कर लावला तर कारखाने शेजारच्या राज्यात पळतील. आणि केंद्राने थेट विमा आणला, तर त्या काळचं सर्वोच्च न्यायालय तो घटनाबाह्य ठरवण्याची शक्यता दाट होती. या कोंडीतून वाट दाखवली ती लुई ब्रँडाइस यांनी. ते एलिझाबेथ यांचे वडील आणि त्याच सर्वोच्च न्यायालयातले न्यायमूर्ती. मुलगी आणि जावयाला त्यांनी वारसा कराच्या एका जुन्या खटल्याकडे बोट दाखवलं. केंद्राने सगळ्या मालकांवर सारखा कर लावावा, पण ज्या राज्याचा स्वतःचा बेकारी कायदा असेल तिथल्या मालकांना त्यातली बहुतेक रक्कम माफ करावी. मग कायदा न करणाऱ्या राज्याच्या हाती काही लागणार नाही, उलट त्याचे पैसे वॉशिंग्टनला जातील.

ही कल्पना कायद्यापर्यंत नेली फ्रान्सेस पर्किन्स यांनी. अमेरिकेच्या मंत्रिमंडळातल्या त्या पहिल्या महिला. १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रायँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली, तेव्हा खिडक्यांतून उड्या टाकणाऱ्या मुली त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. त्या आगीत १४६ जीव गेले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रूझवेल्ट न्यूयॉर्कचे गव्हर्नर असताना, १९३१ मध्ये, त्यांनी पर्किन्स यांना ब्रिटनचा बेकारी विमा अभ्यासायला पाठवलं होतं. १९३३ मध्ये त्या श्रममंत्री झाल्या तेव्हा देशात दर चार कामगारांमागे एकाला काम नव्हतं. १९३४ मध्ये नेमलेल्या आर्थिक सुरक्षा समितीच्या त्या अध्यक्ष झाल्या. विमा केंद्राचा असावा की राज्यांचा, यावर समिती महिनोन्‌महिने घोळत राहिली. शेवटी नाताळच्या तोंडावर पर्किन्स यांनी सदस्यांना आपल्या घरी जेवणाच्या टेबलाभोवती बसवलं, टेलिफोन बंद केला आणि निर्णय झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही असं बजावलं. रात्री दोन वाजता निर्णय झाला. हा प्रसंग त्यांनी स्वतःच पुढे सांगितला.

१४ ऑगस्ट १९३५ रोजी सामाजिक सुरक्षा कायद्यावर रूझवेल्ट यांची सही झाली. आठ किंवा जास्त कामगार असलेल्या मालकांवर पगाराच्या टक्केवारीने कर बसला. तो १९३६ मध्ये १ टक्का होता आणि १९३८ पर्यंत ३ टक्क्यांवर जाणार होता. राज्याचा कायदा असेल तर त्यातला ९० टक्क्यांपर्यंत भाग माफ. २४ मे १९३७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हा कर वैध ठरवला. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर सगळं कोसळलं असतं. १९३७ च्या मध्यापर्यंत झाडून सगळ्या राज्यांनी कायदे केले होते. त्याआधीच, ऑगस्ट १९३६ मध्ये, विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या एका कामगाराला देशातला पहिला बेकारी चेक मिळाला होता. रक्कम १५ डॉलर. राउशेनबुश यांनी तो चेक त्याच्याकडून २५ डॉलरला विकत घेऊन जपून ठेवला.

राज्यांना मोकळीक मिळाली, त्यामुळे एका देशात पन्नास प्रकारचे नियम झाले. न्यू जर्सीत राहणारा मित्र सांगतो ते टेक्सासमध्ये लागू होत नाही, याचं कारण हेच. बहुतेक राज्यांत मदत जास्तीत जास्त २६ आठवडे, पण फ्लोरिडा आणि नॉर्थ कॅरोलायनाने ती १२ आठवड्यांपर्यंत खाली आणली. फ्लोरिडात आठवड्याला २७५ डॉलरच्या वर काही मिळत नाही. केंद्राचा कर आजही प्रत्येक कामगाराच्या फक्त पहिल्या ७,००० डॉलर पगारावर आहे आणि हा आकडा १९८३ पासून जागचा हललेला नाही. माफी धरून मालकाला तो माणशी वर्षाला साधारण ४२ डॉलर पडतो. एवढ्याशा पैशांतून राज्यांची कार्यालयं चालवायची, तर फोन उचलायला माणसं पुरी पडणार कशी?

१९३५ च्या कायद्यातून शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बायका वगळल्या गेल्या होत्या. दक्षिणेतले काळे कामगार मोठ्या प्रमाणात याच दोन कामांमध्ये होते, म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त गरज तेच बाहेर राहिले. त्यांच्यातल्या काहींना आत घ्यायला १९७६ ची दुरुस्ती यावी लागली, आणि तीही मोठ्या शेतमालकांकडचे मजूर किंवा ठरावीक रकमेच्या वर मजुरी देणाऱ्या घरांतले कामगार एवढ्यांपुरतीच. १९३५ च्याच कायद्यात एक संरक्षणही होतं, जे फार थोड्यांना माहीत असतं. संपामुळे रिकामी झालेली जागा नाकारली, किंवा त्या भागातल्या चालू मजुरीपेक्षा बरंच कमी पैसे देणारं काम नाकारलं, म्हणून मदत बंद करता येत नाही. ‘काम नाकारलंत का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं की सगळं संपतं असं नाही. का नाकारलं, हे विचारलं गेलं पाहिजे. १९६३ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या कापड गिरणीतल्या एका बाईचा खटला सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. तिच्या धर्मात शनिवार हा विश्रांतीचा पवित्र दिवस. शनिवारचं काम नाकारल्यामुळे तिची मदत राज्याने अडवली होती. न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला.

रचना जुनी आणि कार्यालयं अर्धपोटी, हे सगळ्यांना दिसलं ते २०२० मध्ये, कोविडच्या साथीत. एप्रिलच्या सुरुवातीला एकाच आठवड्यात ६० लाखांहून जास्त लोकांनी नवे क्लेम भरले. रात्री दोन वाजता वेबसाइटवर बसलं तर पान उघडेल, या आशेने लोक जागत होते. कित्येक राज्यांची यंत्रणा कोबोल या १९५९ साली जन्मलेल्या संगणक भाषेत चालत होती. न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी तर कोबोल येणाऱ्यांनी मदतीला यावं, असं जाहीर आवाहन केलं. २७ मार्च २०२० च्या कायद्याने जुलैअखेरपर्यंत बेकारी मदत घेणाऱ्या प्रत्येकाला आठवड्याला ६०० डॉलर जादा दिले. टक्केवारीने देण्याऐवजी सरसकट आकडा ठरवण्याचं एक मोठं कारण हेच होतं की या जुनाट यंत्रणांना प्रत्येकाचा वेगळा हिशोब जमला नसता. याच काळात स्वतःची टॅक्सी चालवणारे, फ्रीलान्स काम करणारे लोकही तात्पुरते या छत्राखाली आले. सप्टेंबर २०२१ मध्ये ते छत्र काढून घेतलं गेलं.

आपल्या लोकांचा संबंध येतो तो ‘काम मिळालं असतं तर लगेच रुजू झाला असतात का?’ या प्रश्नाशी. एच-१बी, म्हणजे परदेशी कुशल कामगारांना कंपनीमार्फत मिळणाऱ्या व्हिसावरच्या माणसाला ज्या कंपनीने अर्ज केला तिच्याकडेच काम करता येतं. नोकरी गेली की त्याला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि ही सवलतही २०१७ च्या जानेवारीपासूनची. त्या दिवसांत नवी कंपनी शोधायची, व्हिसा बदलायचा किंवा सामान बांधायचं. नव्या कंपनीचा अर्ज दाखल होईपर्यंत तो कुठेही रुजू होऊ शकत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी तो कामासाठी ‘उपलब्ध’ मानला जात नाही आणि क्लेम नाकारला जातो. निर्णय त्या-त्या राज्याचा असतो. ग्रीन कार्डवाल्याला, किंवा ग्रीन कार्डच्या शेवटच्या टप्प्यात स्वतंत्र कामाचा परवाना हाती आलेल्याला ही अडचण येत नाही. २०१५ पासून एच-१बीवाल्यांच्या एच-४ व्हिसावरच्या काही जोडीदारांनाही असा परवाना मिळू लागला. त्यामुळे एकाच घरात बायकोची नोकरी गेली तर तिला क्लेम करता येतो आणि नवऱ्याची गेली तर त्याला येत नाही, असं घडू शकतं. २०२२ च्या शेवटी आणि २०२३ मध्ये टेक कंपन्यांनी माणसं काढली, तेव्हा मुलांची शाळा, घराचा हप्ता आणि ६० दिवसांचं कॅलेंडर समोर ठेवून बसलेली मराठी कुटुंबं या नियमाला येऊन धडकली.

‘फुकट घेतात’ असा शिक्का लागेल किंवा ग्रीन कार्ड अडेल, या धास्तीने पात्र असूनही क्लेम न करणारे लोक आहेत. बेकारी विमा हा कमाईतून मिळवलेला लाभ आहे. ग्रीन कार्ड देताना ‘हा माणूस सरकारवर भार ठरेल का’ हे तपासणाऱ्या कसोटीत अमेरिकेचं इमिग्रेशन खातं तो धरत नाही.

आणि न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या गावात राहणाऱ्या एच-१बीवाल्याने आपली पगाराची स्लिप जरा नीट पाहावी. अलास्का, पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सी या तीनच राज्यांत बेकारी विम्यासाठी कामगाराच्या पगारातूनही कपात होते. न्यू जर्सीत ती ०.३८२५ टक्के आहे. नोकरी गेल्यावर ज्याला बहुधा ‘उपलब्ध नाही’ असं उत्तर मिळणार आहे, त्याच्या पगारातूनही ती कापली जाते.