फिल्म धुण्याची घरगुती साधने (लार्ज फॉरमॅट)

४×५ इंच किंवा त्याहून मोठी सुटी फिल्म (शीट फिल्म) घरीच डेव्हलप करण्यासाठी छायाचित्रकार स्वतः तयार करतात ती साधने. रोल फिल्म रिळात गुंडाळून टाकीत सोडता येते. सुट्या फिल्मसाठीच्या तयार टाक्या थोड्या आणि महाग आहेत. तरी खरी अडचण पैशाची नसून प्रवाहाची आहे. डेव्हलपर (प्रतिमा उमटवणारे रसायन) सगळीकडे सारखा फिरला नाही, तर निगेटिव्हवरच्या मोकळ्या आकाशात लगेच पट्टे दिसतात. प्रत्येक साधनाचा आकार या एका अडचणीतून ठरला आहे.

ट्रे हे सर्वांत जुने साधन. इंग्लिश डॉक्टर मॅडॉक्स यांच्या जिलेटिन-तंत्रातून (१८७१) पुढे आलेल्या कोरड्या काचा (फिल्मआधीच्या निगेटिव्ह-काचा) ट्रेमध्ये धुतल्या जात. अमेरिकेतले काचा-उत्पादक कारबट यांनी १८८८ च्या सुमारास सेल्युलॉइडच्या तावांवर इमल्शन (प्रकाशाला संवेदनशील थर) चढवले, तेव्हाही ट्रे तसाच राहिला.

दुसरे साधन नळी: तिच्यात फिल्म वळवून ठेवतात आणि थोडे रसायन घालून ती आडवी लोळवतात. तिच्या उगमाबद्दल एकमत नाही. काही जण तिचा संबंध अमेरिकन शिक्षक फिल डेव्हिस यांच्या ‘बीटीझेडएस’ (बियाँड द झोन सिस्टिम) या एक्स्पोजर व डेव्हलपिंगच्या पद्धतीशी जोडतात. इतरांच्या मते ती रंगीत प्रिंटसाठी साधारण १९७० च्या दशकात घरोघरी आलेल्या ड्रमवरून सुचली असावी. दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे. कारण थोडे रसायन, आडवे भांडे आणि सतत लोळवणे या तिन्ही गोष्टी ड्रममध्ये आधीच होत्या. डेव्हिस यांचे श्रेय वेगळे आणि मोलाचे आहे: एका नळीत एकच फिल्म ठेवली की दृश्याच्या कॉन्ट्रास्टप्रमाणे प्रत्येक फिल्मला स्वतंत्र वेळ देता येतो.

घरगुती नळी नळकामाच्या पीव्हीसी पाइपातून होते. फिल्मची ४ इंची (सुमारे १०२ मिमी) बाजू वळवायची असल्याने पाइपाचा आतला घेर त्याहून थोडा जास्त लागतो. आतला व्यास ३६ मिमी असेल तर घेर ११३ मिमी भरतो, म्हणजे कडा एकमेकींवर चढत नाहीत. इमल्शन आतल्या बाजूला ठेवतात. अंधारात ते बोटांनी ओळखायचे असते: फिल्म उभी धरून कडेच्या खाचा वर उजव्या कोपऱ्यात आल्या, की इमल्शन आपल्याकडे असते. पांढऱ्या पाइपातून उजेड झिरपतो. अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च लावून पाहावी. भिंत उजळली तर बाहेरून काळा रंग किंवा टेप हवा. फिल्मची पाठ भिंतीला चिकटून राहते, त्यामुळे तिथला हॅलेशनरोधक थर (पाठीवरून परतणारा उजेड अडवणारा रंगीत थर) धुतला जात नाही आणि निगेटिव्हवर जांभळट डाग उरतात. त्यासाठी आत डासांच्या जाळीचे अस्तर घालतात, किंवा शेवटी फिल्म बाहेर काढून सोडियम सल्फाइटच्या द्रावणात बुडवतात. नळी सतत लोळवली जात असल्याने डेव्हलपरचा छापील वेळ सुमारे १५ टक्क्यांपर्यंत कमी करावा लागतो.

याहून सोपी युक्ती रबरबँडची. फिल्मची इमल्शन आत ठेवून सुरळी करायची, बाहेरून रबरबँड लावायचा आणि अशा चार-पाच सुरळ्या मोठ्या रोल-टाकीत उभ्या ठेवायच्या. ट्रेमध्ये बसणारी ॲक्रिलिकची कप्पेदार चौकटही पुष्कळ जण करतात. फिल्म एकमेकींवर घासत नाहीत हा तिचा गुण. स्टीलच्या हँगरमध्ये (फिल्म अडकवून टाकीत बुडवायच्या चौकटीत) मात्र चौकटीच्या छिद्रांतून रसायन जोराने घुसते आणि कडा गडद होतात.

डेव्हलपरचे वेळ सहसा २० अंश सेल्सिअसला दिलेले असतात. महाराष्ट्रात एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचे पाणी त्याच्या बरेच वर असते. म्हणून परातीत बर्फाचे पाणी घेऊन त्यात बाटल्या व नळ्या ठेवणे हाही साधनांचाच भाग मानावा. ८×१० इंच हे क्ष-किरण फिल्मचेही प्रचलित माप असल्याने ती स्वस्त फिल्म आणि क्ष-किरण विभागातले स्टीलचे हँगर दोन्ही उपयोगी पडतात. ही फिल्म लाल उजेडात हाताळता येते, पण तिच्या बहुतेक प्रकारांत इमल्शन दोन्ही बाजूंना असते आणि ते ट्रेच्या खडबडीत तळावर ओरखडते. तळाशी साधी गुळगुळीत काच ठेवली की हा त्रास बराच कमी होतो.